करीमनगरी तारकामाचा ब्रोच

हैदराबादच्या उत्तरेस सुमारे 160 किलोमीटरवर असलेले करीमनगर चांदीच्या तारकामासाठी ओळखले जाते. 1905 पर्यंत जिल्ह्याचे ठाणे जवळच्या एलगंदलला होते. ही कलाही तिथलीच मानतात. निजामाच्या राज्यात उमरावांनी तिला आश्रय दिला आणि अत्तरदाण्या, पानदाने, तबके, दागिने घडत गेले. पदराला किंवा कोटाला लावायचा ब्रोच हा याच कामाचा आटोपशीर नमुना.

तारकामाला जवळजवळ शुद्ध चांदी लागते. तांबे जास्त असले की तार कडक होते, वळत नाही. चांदी जंत्रीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून बारीक तार काढतात. दोन तारांना पीळ देऊन त्या चपट्या केल्या की कडेला नाजूक दाते उमटतात. तारकामाची चमक खुलते ती या दात्यांमुळे. जाड तारेच्या चौकटीत चिमट्याने वळवलेल्या वेली, पाकळ्या, भोवरे बसवतात आणि ते हलू नयेत म्हणून गुंजेच्या बियांची खळ लावतात. मग टाकणखार आणि डागाची पूड भुरभुरून फुंकणीने आच देतात. आच जरा वाढली तरी नक्षी वितळते. कारागिराची खरी परीक्षा इथेच होते.

खडे सगळ्यात शेवटी बसतात. तापाने जामुनियाचा जांभळा रंग उडतो, फिरोजा बिघडतो. म्हणून डाग देणे, आम्लातली सफाई आणि रिठ्याने धुणे आटोपल्यावरच चांदीच्या पातळ पट्टीच्या घरात खडा ठेवून कडा दाबतात.

जुना ब्रोच पारखायचा तो उलटा करून. हातकामात प्रत्येक तार सुटी दिसते, पीळ स्पष्ट असतो. साच्यात ओतलेल्या नकलेत दाते बुजलेले असतात. हॉलमार्क नाही म्हणून दागिना खोटा ठरत नाही, कारण भारतात चांदीचे हॉलमार्किंग 2005 मध्ये सुरू झाले.

करीमनगरी तारकामाला 2007 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 2023 च्या दिल्लीतील जी-20 परिषदेसाठी कोटाला लावायची अशोकचक्रेही इथेच घडली. तरीही घरातला जुना ब्रोच अनेकदा काट्यावर जातो. जाळीदार असल्याने त्याचे वजन थोडे भरते, आणि मजुरीचे मोल मोडीत मिळत नाही. असा दागिना घरात असेल, तर तो आटवायला देण्याआधी जाणकाराला जरूर दाखवावा.