परदेशातून स्मार्टफोन मागवताय? आधी हा हिशेब करा

दुबई, सिंगापूर किंवा अमेरिकेत फोन स्वस्त मिळतो हे खरं आहे. पण तो घरी येईपर्यंत त्याची किंमत काय होते आणि तो आणणाऱ्याला काय काय सोसावं लागतं, हेही जाणून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या दुबईहून येणार असतो. तारीख कळताच घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकूचा मेसेज येतो, ‘‘येताना माझ्यासाठी एक फोन आणशील का रे? इकडे फार महाग आहे. पैसे तू आलास की देते.’’ पुतण्याला नाही म्हणता येत नाही. तो ‘हो’ लिहितो आणि मग विमानतळावर उतरेपर्यंत त्याच्या पोटात गोळा असतो.

तुमच्याही घरात असं कधी ना कधी झालं असेल. मुलगी अमेरिकेत शिकते, भाऊ मस्कतला नोकरी करतो, शेजारचे काका सिंगापूरच्या सहलीला निघालेत. फोन मागवण्यात गैर काहीच नाही. पण मागवणाऱ्याला फक्त दुकानातली किंमत दिसते आणि बाकीचा भार आणणाऱ्यावर पडतो. म्हणून कुणाला सांगण्याआधी किंवा स्वतः विकत घेण्याआधी थोडं थांबा आणि पुढच्या गोष्टी तपासा.

तिकडे स्वस्त का वाटतो?

मोठा फरक कराचा आहे. भारतात मोबाइलवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॅट ५ टक्के आहे, सिंगापूरमध्ये जीएसटी ९ टक्के आहे, जपानमध्ये उपभोग कर १० टक्के आहे. हाँगकाँगमध्ये असा विक्रीकर नाहीच.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथे वेबसाइटवर किंवा दुकानातल्या पाटीवर दिसणारी किंमत कर सोडून असते. बिल करताना राज्याचा आणि शहराचा विक्रीकर वर चढतो. ओरेगॉन, डेलावेअरसारख्या मोजक्या राज्यांत हा कर नाही, बाकी बहुतेक ठिकाणी आहे. त्यामुळे ९९९ डॉलर वाचून लगेच रुपयांत गुणाकार करू नका. मुलगी कोणत्या राज्यात राहते, ते आधी पाहा.

कस्टमचा नियम काय सांगतो?

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला ठरावीक किमतीपर्यंतच्या नव्या वस्तू ड्युटी न भरता आणता येतात. २०१६च्या बॅगेज नियमांनुसार ही मर्यादा ५०,००० रुपये होती. फेब्रुवारी २०२६पासून विमानाने किंवा जहाजाने येणाऱ्या भारतीय रहिवाशांसाठी ती ७५,००० रुपये झाली आहे. मर्यादेच्या वर जेवढी किंमत जाते, फक्त तेवढ्या रकमेवर ड्युटी लागते. हा दर वर्षानुवर्षं ३५ टक्के आणि त्यावरचा अधिभार मिळून ३८.५ टक्के राहिला आहे. असे आकडे बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात कस्टम विभागाच्या वेबसाइटवर एकदा नजर टाका.

इथे तीन गोष्टींत लोकांची हमखास गल्लत होते.

पहिली गोष्ट, ही मर्यादा फक्त फोनसाठी नाही. प्रवाशाने आणलेली घड्याळं, परफ्यूम, खेळणी, भेटवस्तू हे सगळं तिच्यातच मोजलं जातं.

दुसरी गोष्ट, दोघांची मर्यादा एकत्र करता येत नाही. नवरा-बायको सोबत आले म्हणून एकाच फोनवर दीड लाखाची सूट मिळत नाही.

तिसरी गोष्ट, १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा, ड्युटीशिवाय आणता येतो. ही सवलत लॅपटॉपला आहे, फोनला नाही.

एका फोनचं गणित

आता काकूच्या फोनचाच हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत.

समजा, दुबईत फोन ४,००० दिरहमला आहे आणि एक दिरहम २४ रुपयांना पडतो. म्हणजे फोन झाला ९६,००० रुपयांचा. तोच फोन भारतात १,२०,००० रुपयांना आहे. काकूच्या डोळ्यांसमोर २४,००० रुपयांची बचत आहे.

पैसे भारतातल्या क्रेडिट कार्डाने दिले, तर परकीय चलनाचं शुल्क लागतं. ते ३ टक्के धरलं तर २,८८० रुपये. पुतण्याने बाकी काहीच आणलं नाही असं मानलं, तर ७५,०००च्या वरच्या २१,००० रुपयांवर ३८.५ टक्क्यांनी ड्युटी होते ८,०८५ रुपये. एकूण १,०६,९६५ रुपये. बचत उरली १३,०३५ रुपयांची.

पण वर्षाने घरी येणारा मुलगा रिकाम्या हाताने येईल का? त्याने आईसाठी घड्याळ, बहिणीच्या मुलांसाठी खेळणी, बाबांसाठी परफ्यूम असं २०,००० रुपयांचं सामान घेतलं आहे. आता मर्यादेच्या वर ४१,००० रुपये गेले. ड्युटी झाली १५,७८५ रुपये आणि फोन पडला १,१४,६६५ रुपयांना.

इकडे भारतात त्याच फोनवर सणाच्या दिवसांत बँकेच्या कार्डावर ५,००० रुपयांची सूट मिळाली, तर तो १,१५,००० रुपयांना येतो. फरक राहिला फक्त ३३५ रुपयांचा. एवढ्यासाठी पुतण्याने स्वतःच्या आईच्या भेटीची सूट काकूच्या फोनवर खर्च केली. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याची किंवा हप्त्यांवर घेण्याची सोयही परदेशातल्या खरेदीत मिळत नाही, ती वेगळीच.

याचा अर्थ परदेशातून फोन कधीच आणू नये असा नाही. फोनची किंमत मर्यादेच्या आत असेल आणि प्रवाशाकडे दुसरं महाग सामान नसेल, तर चांगली बचत होते. फक्त आकडे आधी कागदावर मांडा.

‘खोका फेकून दे’ म्हणू नका

घरात एक सल्लागार असतोच. ‘‘खोका तिकडेच टाक, सिम घाल, वापरातला फोन आहे म्हण. ग्रीन चॅनलमधून सरळ बाहेर ये.’’

ग्रीन चॅनलमधून जाणं म्हणजे ‘माझ्याकडे ड्युटी लागणारं काही नाही’ असं सांगणं. ते खोटं निघालं, तर १९६२च्या सीमाशुल्क कायद्यानुसार वस्तू जप्त होऊ शकते आणि दंडही बसू शकतो. प्रवाशाचा स्वतःचा, रोजच्या वापरातला फोन ही वेगळी गोष्ट. पण खोका फेकल्याने नवा फोन जुना होत नाही. आणि अधिकाऱ्यासमोर उभं राहून उत्तरं देणारा तुमचा पुतण्या असतो, सल्ला देणारे काका नसतात.

खोका आणि बिल फेकण्यात तुमचंही नुकसान आहे. खोक्यावर आयएमईआय क्रमांक असतो. उद्या फोन चोरीला गेला, तर ‘संचार साथी’ पोर्टलवर तो ब्लॉक करताना पोलिस तक्रारीबरोबर हा क्रमांक आणि खरेदीचं बिल कामाला येतं. वॉरंटीसाठीही बिल हवंच.

मर्यादा ओलांडली असेल, तर सरळ मार्ग म्हणजे रेड चॅनल. तिथे बिल दाखवायचं, ड्युटी भरायची, पावती घ्यायची. सामानाची माहिती आधीच भरण्यासाठी कस्टम विभागाचं ‘अतिथी’ नावाचं अ‍ॅप आहे. एकाच बॅगेत चार-पाच सीलबंद फोन असतील, तर ते घरच्यांसाठी आहेत हे पटवणं कठीण जातं. असं सामान व्यापारासाठी आणलेलं मानलं जाऊ शकतं. म्हणून ‘माझ्यासाठी एक, मामीसाठी एक’ असं करत एकाच माणसावर यादी लादू नका.

‘मग कुरियरने पाठव’ हाही उपाय नाही. भेट म्हणून पोस्टाने किंवा कुरियरने येणाऱ्या वस्तूंना पूर्वी असलेली छोटी करमाफी २०१९च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं एवढेच अपवाद राहिले.

तो फोन इकडे नीट चालेल का?

पैशांचा हिशेब जुळला तरी हा प्रश्न उरतोच. खरेदीआधी या चार गोष्टी विचारा.

लॉक आहे का? अमेरिकेत मोबाइल कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला फोन बहुतेक वेळा त्या कंपनीच्या सिमलाच बांधलेला असतो. पूर्ण पैसे फिटल्याशिवाय तो सुटत नाही. भारतात आणल्यावर तुमचं सिम त्यात चालणारच नाही. दुकानात ‘अनलॉक्ड’ असा शब्द बिलावर किंवा खोक्यावर पाहूनच पैसे द्या. कॅनडात २०१७पासून आणि ब्रिटनमध्ये २०२१च्या शेवटापासून लॉक केलेले नवे फोन विकायला बंदी आहे, त्यामुळे तिथे ही काळजी कमी. सेकंडहँड फोन मात्र कुठेही घ्या, तपासूनच घ्या.

सिमची जागा आहे का? अमेरिकेत आयफोन १४पासून सिम घालायची खाचच नाही, फक्त ई-सिम चालतं. आयफोन १७च्या वेळी संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कतार, ओमान, कुवेत, बहारीन, कॅनडा आणि जपानमध्येही तसंच झालं. याउलट, चीनमध्ये विकले जाणारे बहुतेक आयफोन दोन साधी सिम घेतात, पण त्यांत ई-सिम नसतं.

जिओ, एअरटेल आणि व्ही या कंपन्या भारतात ई-सिम देतात, त्यामुळे तरुणांना अडचण येत नाही. पण फोन आजी-आजोबांसाठी असेल, तर विचार करा. साधं सिम असेल तर फोन बंद पडल्यावर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं आणि बँकेचा ओटीपी लगेच मिळतो. ई-सिमचं असं होत नाही. ते दुसऱ्या फोनवर घ्यायचं, तर कंपनीची प्रक्रिया पुन्हा करावी लागते. गावाकडे एकटे राहणाऱ्या आई-वडिलांसाठी ही छोटी गोष्ट नाही.

बँड जुळतात का? प्रत्येक देशातल्या नेटवर्कच्या लहरी वेगळ्या असतात. भारतात ५जी मुख्यतः एन७८ या बँडवर चालतं आणि जिओ एन२८ही वापरते. ४जीसाठी ३, ५, ८ आणि ४० हे बँड महत्त्वाचे आहेत. महागड्या फोनमध्ये हे सहसा असतात. एखाद्या परदेशी कंपनीचा स्वस्त प्रीपेड फोन घेताना मात्र मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या वेबसाइटवर बँड तपासा. जिओचं २जी-३जी नेटवर्क नाही. तुमच्या फोनवर जिओचं व्होएलटीई चाललं नाही, तर साधा कॉलही लागणार नाही.

काही बंधनं आहेत का? जपान आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या अनेक फोनवर कॅमेऱ्याचा ‘क्लिक’ आवाज बंद करता येत नाही. अमिरातीत घेतलेल्या आयफोनवर फेसटाइम मिळेल का, हे दुकानातच विचारून घ्या. नातवंडांशी त्यावरच बोलायचं असेल, तर हा प्रश्न आधी विचारा.

वॉरंटी आणि कर परतावा

अनेक कंपन्यांची वॉरंटी खरेदीच्या देशापुरती असते. काही कंपन्या दुसऱ्या देशात दुरुस्ती करून देतात, पण ती मर्यादित ठेवण्याचा अधिकार आपल्या अटींमध्ये राखून ठेवतात. फोनच्या मॉडेल क्रमांकाची माहिती देऊन तुमच्या शहरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला आधीच विचारा. स्क्रीन फुटली, तर भाग इथे मिळेल का आणि किती दिवसांत, हेही विचारा.

पर्यटकांना काही देशांत कराचे पैसे परत मिळतात. अमिरातीत किमान २५० दिरहमची, सिंगापूरमध्ये किमान १०० सिंगापूर डॉलरची खरेदी लागते. बिल करतानाच पासपोर्ट दाखवून नोंद करावी लागते आणि परतताना विमानतळावर प्रक्रिया पूर्ण करावी लागते. त्यातून शुल्क कापलं जातं. पण ही सोय पर्यटकांसाठी आहे. दुबईत राहून नोकरी करणाऱ्या पुतण्याला ती मिळत नाही, म्हणून वरच्या हिशेबात आपण ती धरली नाही. ब्रिटनमध्ये लंडनच्या दुकानातून घेऊन जाण्याच्या खरेदीवरचा असा परतावा २०२१पासून बंदच झाला आहे.

मागण्याआधी एवढं बोला

पैशांचं बोलणं नात्यात अवघड जातं, म्हणून ते आधीच करावं. फोन मागवताना पुतण्याला असं लिहून पाहा, ‘‘तुझ्या मर्यादेत जागा असेल आणि तुला अडचण नसेल, तरच आण. पैसे आजच पाठवते. ड्युटी लागली तर ती माझी. नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही.’’ यातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे.

आणि तुम्ही आणणारे असाल, तर ‘हो’ म्हणण्याआधी स्वतःच्या सामानाची यादी करा. जागा नसेल तर हा हिशेब मोकळेपणाने पाठवा. बहुतेक माणसं आकडे पाहिले की समजून घेतात.

निघण्यापूर्वी लक्षात ठेवा

• फोन नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत.

• दुकानातच फोन सुरू करून पाहा. *#०६# डायल करा आणि दिसणारा आयएमईआय क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवा.

• कार्ड मशीनने रुपयांत की स्थानिक चलनात असं विचारलं, तर स्थानिक चलन निवडा. रुपयांचा दर बहुधा महाग पडतो.

• बिलावर मॉडेल क्रमांक, आयएमईआय आणि तारीख आहे ना, ते बघा. बिलाचा फोटो काढून स्वतःला ईमेल करा.

• दुबई, सिंगापूर, ब्रिटनमधल्या चार्जरची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. अ‍ॅडॉप्टरचा खर्च धरा.

• भारतातून महागडा नवा फोन किंवा कॅमेरा सोबत नेणार असाल, तर जाताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परतताना तो परदेशात घेतलेला नाही हे दाखवता येतं.

सगळा हिशेब करूनही आठ-दहा हजार रुपये वाचत असतील, तर खुशाल आणा, ड्युटी भरा आणि पावती जपून ठेवा. तीन-चारशे रुपयेच वाचत असतील, तर फोन जवळच्या दुकानातून घ्या आणि पुतण्याला एवढंच सांगा, ‘‘तू नुसता ये.’’