१६ मिलिसेकंदांची भागीदारी

सिनेमाची प्रत्येक चौकट तुम्ही तिकीट काढण्याआधीच तयार असते. संगणकावरच्या गेमचं तसं नाही. वळणावर गाडी घसरते, धूळ उडते, काचेवर ऊन चमकतं, आणि यातली एकही फ्रेम आधी अस्तित्वात नसते. तुम्ही कळ दाबता, मग ती तुमच्यासाठी रंगवली जाते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला येतात १६.६७ मिलिसेकंद. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. त्या प्रत्येकाचा रंग ठरवायचा आणि लगेच पुढची फ्रेम हातात घ्यायची. म्हणजे सेकंदाला जवळजवळ साडेबारा कोटी पिक्सेल! टेबलाखालचा, बेताच्या पैशांत जुळवलेला पीसी हे तासन्‌तास करत राहतो.

असा पीसी जुळवायला निघालेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो: प्रोसेसरवर किती पैसे घालायचे आणि ग्राफिक्सवर किती? एक फ्रेम कशी जन्मते ते पाहिलं की उत्तर आपोआप दिसायला लागतं.

पहिला मान प्रोसेसरचा. माउस किती हलला, गोळी कुणाला लागली, लागली असेल तर समोरचा पडला का, तो पडल्यावर त्याच्या साथीदाराने काय करायचं? इथे प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तरावर टेकलेलं असतं. हजार हात लावले तरी हे काम हजारपट लवकर होत नाही. त्याला मोजकेच पण विलक्षण चपळ गाभे लागतात. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये असे ६ कोअर आहेत आणि त्यांचा वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. या वेगात घड्याळाच्या एका ठोक्याला प्रकाशसुद्धा सात सेंटिमीटरच्या आतच पोचतो. प्रोसेसरपासून रॅमपर्यंत जाऊन परत यायचं म्हटलं तर शेकडो ठोके वाया जातात. म्हणून तर चिपच्या पोटातच कॅश नावाची छोटी, वेगवान साठवण ठेवलेली असते.

सगळं ठरलं की प्रोसेसर यादी करतो: अमुक भिंत इथे, अमुक माणूस तिथे, ऊन या बाजूने. ती यादी ग्राफिक्सकडे जाते, आणि तिथे खेळाचे नियमच बदलतात. डाव्या कोपऱ्यातल्या पिक्सेलचा रंग ठरवायला उजव्या कोपऱ्यातल्या पिक्सेलसाठी थांबावं लागत नाही. पाडव्याच्या शोभायात्रेसाठी रस्ताभर रांगोळी काढतात तेव्हा आखणी एक-दोन जाणकार करतात, पण रंग भरायला शंभर जण एकदम बसू शकतात. अगदी तशीच ही वाटणी आहे. २०२१ साली आलेल्या रेडिऑन आरएक्स ६६०० या कार्डात रंग भरणारे १,७९२ छोटे गणक आहेत. एकेकटा गणक प्रोसेसरच्या कोअरपुढे साधाच. पण सगळे मिळून पूर्ण जोरात चालले की सेकंदाला सुमारे ८.९ लाख कोटी गणितं करतात. १३२ वॉट विजेत हे होतं, हे वाचून थक्क व्हायला होतं.

आता पैशांचा प्रश्न. ग्राफिक्स एक फ्रेम रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमची यादी करत असतो. दोघांत जो हळू, त्याचाच वेग पूर्ण पीसीचा वेग. तो कोण हे घरबसल्या कळतं. गेम चालू असताना ग्राफिक्सचा वापर किती टक्के आहे ते पडद्यावर दिसेल असं करा. तो ९७-९८ टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर वाट पाहतोय. ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल, फ्रेमवर कुठली मर्यादा घातलेली नसेल आणि रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढत नसतील, तर प्रोसेसर कमी पडतोय. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखे गेम सेकंदाला शेकडो फ्रेम मागतात, तिथे प्रोसेसर दमतो. मोठ्या नकाशांच्या, झगमगीत दृश्यांच्या गेममध्ये बहुतेक वेळा ग्राफिक्स आधी दमतं.

हात अगदीच आखडता असेल तर ५६००जी उत्तम सुरुवात आहे, कारण ग्राफिक्स त्याच्या पोटातच आहे. गणक फक्त ४४८, पण हलके गेम त्यावर छान चालतात. इथे एक बारकावा फार मोलाचा. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅमवर जगतं. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅमची एकच पट्टी लावली तर सेकंदाला २५.६ जीबी माहितीची ये-जा होऊ शकते. दोन पट्ट्या लावल्या तर ५१.२ जीबी. त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. चार खाचांच्या मदरबोर्डवर त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. आरएक्स ६६०० कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २२४ जीबी पुरवते. वेगळ्या कार्डाचा दबदबा कुठून येतो, ते या एका आकड्यात कळतं.

कार्ड पहिल्या दिवशीच घेणार असाल तर ५६००जीऐवजी साधा ५६०० घ्या. त्याच्यात ग्राफिक्स नाही, पण एल३ कॅश १६ ऐवजी ३२ एमबी आहे आणि गेममध्ये तिचा फायदा जाणवतो. इंटेलच्या कोअर आय३-१२१००एफमधला ‘एफ’ही हेच सांगतो: आत ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही.

कार्ड निवडताना नुसतं नवेपण पाहू नका. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड ६६०० नंतर, २०२२ मध्ये आलं. पण त्याला मेमरी ४ जीबी आणि मदरबोर्डशी बोलायला फक्त ४ लेन. मेमरी भरली की माहिती त्या चिंचोळ्या वाटेने आणावी लागते. ५६००जीसारख्या, पीसीआयई ३.० ही जुनी, हळू जोडणी असलेल्या प्रोसेसरबरोबर ती वाट निम्मी होते आणि गेम अडखळतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावा. ५६००जीमध्ये चुकीच्या जागी लावली तरी चित्र दिसतं, म्हणून कित्येकांचं कार्ड नुसतंच बसून राहतं.

म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा की ऑनलाइन मागवा, आधी कागदावर दोन गोष्टी लिहा: रोज कोणते गेम खेळणार आणि मॉनिटर किती रिझोल्यूशनचा, किती हर्ट्झचा. कार्डाला पैसे नसतील तर ५६००जी, दोन पट्ट्या रॅम आणि पुढे कार्ड पेलेल असा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग, घ्या. पैसे असतील तर सहा कोअरचा साधा प्रोसेसर घेऊन उरलेला मोठा वाटा ८ जीबीच्या कार्डावर घाला. महागडा प्रोसेसर आणि दुबळं कार्ड ही जोडी मात्र, दुकानदाराने कितीही गळ घातली तरी, घेऊ नका.