मुठेच्या गाळातली औषधं

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतला पाऊस दोन वाटांनी भीमेला जातो. एक वाट भाटघरची. वेळवंडीचं पाणी तिथे अडतं, नीरेत उतरतं आणि वीर धरणाखालच्या कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला मिळतं. दुसरी पानशेत-वरसगावची. आंबी आणि मोसे या नद्यांचं पाणी खडकवासल्याला येतं आणि तिथून पुणेकरांच्या नळाला. पुढे नीरा नरसिंहपूरला दोन्ही वाटा एक होतात. पाऊस त्याच डोंगरांचा, फक्त दुसऱ्या वाटेवर पुणं आहे.

त्या पुण्याचा हिशेब २०१७ साली ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात आला. नचिकेत मराठे, योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी मुठेच्या तळाचा गाळ तपासला. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं शहराच्या वरच्या गाळापेक्षा शहरातल्या गाळात सुमारे ३० पट निघाली. कार्बापेनेम ही डॉक्टरांनी अगदी शेवटी काढायची औषधं. त्यांनाही पुरून उरणारी जनुकं त्यात होती. हैदराबादजवळच्या पटनचेरूची गोष्ट वेगळी. तिथल्या औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात लार्सन यांच्याच गटाला २००७ साली लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडलं होतं. मुठेत आलं ते घराघरांतलं, दवाखान्यांतलं, प्रक्रिया न झालेलं मैलापाणी.

मग प्रक्रिया केली की झालं? तसं नाही. मैलाशुद्धीकरण केंद्रातल्या हवा फुंकलेल्या टाकीत तपकिरी, फेसाळ पाणी घुसळत असतं आणि जिवाणूंचे गोळे त्यातली घाण खातात. पॅरासिटामॉल त्यांना पचतं, आयबुप्रोफेनही बहुतांशी पचतं. फेफऱ्यावरचं कार्बामाझेपिन मात्र जवळजवळ जसंच्या तसं पार होतं. कधी तर बाहेरच्या पाण्यात ते आतल्यापेक्षा जास्त भरतं! शरीरानं साखरेचा तुकडा जोडून लघवीवाटे बाहेर टाकलेला रेणू टाकीतले जिवाणू सोडवतात आणि औषध पुन्हा मूळ रूपात येतं. डायक्लोफेनॅक अर्धवटच निघतं. गुडघ्याला चोळलेल्या त्याच्या मलमातलं जेमतेम ६ टक्के औषध अंगात जातं. उरलेलं बरंचसं आंघोळीच्या पाण्याबरोबर मोरीत. सिप्रोफ्लॉक्सासिनची तऱ्हा आणखी निराळी. ते पाण्यातून निघतं, पण नाहीसं होत नाही, गाळाला चिकटून बसतं. तो गाळ खत म्हणून शेतात गेला की औषधही शेतात. ‘इतके टक्के काढलं’ असं कुणी छातीठोक सांगितलं की मी आधी विचारतो : काढून ठेवलं कुठे?

जपानी कर्जातून पुण्यात ११ नवी केंद्रं, रोजची ३९.६ कोटी लिटर क्षमता, असा मोठा प्रकल्प हाती घेतला गेला. तो हवाच होता. पण केंद्राची परीक्षा होते ती बीओडी (कुजणाऱ्या घाणीचं मोजमाप), तरंगते कण, विष्ठेतले जिवाणू यांवर. औषधांचा रकानाच नाही. स्वित्झर्लंडनं २०१६पासून कायदाच केला : २०४०पर्यंत शंभरेक केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कोळशाची जोड द्यायची आणि ठरावीक सूक्ष्म प्रदूषकं ८० टक्के काढायची. युरोपीय संघानं २०२४च्या निर्देशात अशा जादा प्रक्रियेच्या खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांवर टाकला. कंपन्या अर्थातच त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. आपल्याकडे जानेवारी २०२०च्या मसुदा अधिसूचनेत औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा होत्या. २०२१च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गायब झाल्या.

इकडे मुंढव्याच्या जॅकवेलमधून मुळा-मुठेचं पाणी उचलून बेबी कालव्यानं हवेली-दौंडच्या शेतीला दिलं जातं. पाणी वाया जाऊ नये हे पटतं. पण त्याच्याबरोबर औषधंही शेतात जातात. ओझोनचा खर्च आज कुठल्याही महापालिकेला झेपणारा नाही, हेही खरं. म्हणून सुरुवात स्वस्तातल्या ठिकाणी व्हावी : मोठ्या रुग्णालयांचं सांडपाणी गटारात मिसळण्याआधीच वेगळं हाताळायचं, आणि केंद्रातला गाळ शेतकऱ्याच्या ट्रॉलीत भरण्याआधी त्यातली प्रतिजैविकं मोजायची.