मूठभर नमुना आणि मोटारीची एरिअल

धान्याच्या व्यापारात आयुष्य घालविलेल्या माणसाने रेडिओच्या एरिअलविषयी लिहावे, याचे वाचकबंधूंना नवल वाटेल. परंतु अशाच एका एरिअलपायी आमच्या हातून एका तरुण कारागिरावर अन्याय घडला. म्हणून हा लेखनप्रपंच.

बेळगावाहून खरेदीला निघाले की मोटारीत ७६५ किलोहर्ट्झवर धारवाड केंद्र लावावयाचे, ही आमची जुनी सवय. या लहरीची लांबी सुमारे ३९२ मीटर. तिच्या चतुर्थांशाएवढी एरिअल घ्यावी तर मोटारीवर ९८ मीटरांचा खांब उभारावा लागेल! म्हणून मीटरभर दांडीवर भागवीत आलो. ती मोडली तेव्हा या कारागिराने टपावर वीतभराहूनही लहान, पोटात अँप्लिफायर असलेली एरिअल बसविली. आणि रेडिओ मुका झाला. माल खोटा ठरवून आम्ही त्याचे पैसे अडविले.

पुढे त्यानेच उलगडा केला. आखूड दांडीची विद्युतधारकता अत्यल्प असते. तिला लांब केबल जोडली की केबलची धारकताच बहुतेक संदेश गिळते. म्हणून दांडीच्या बुडाशीच फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर बसवितात. तो दांडीवर भार न टाकता संदेश पुढे पाठवितो.

"पण एवढ्याशा दांडीत संदेश तरी किती येणार?" आम्ही विचारले.

"शेटजी, मूठभर नमुन्यावरून तुम्ही पोते पारखताच की!"

उत्तर मार्मिक होते. मध्यम लहरींवर विजांची आणि यंत्रांची खरखर मुळातच पुष्कळ. दांडी आखडली की संदेश व खरखर दोन्ही सारखीच घटतात. दाणे आणि कोंडा यांचे प्रमाण तेच राहते. मात्र अँप्लिफायरने पदरची खरखर, म्हणजे हातची माती, त्यात मिसळता कामा नये. तसेच जवळच्या प्रबळ केंद्राने तो गुदमरला तर एका केंद्रात दुसऱ्याची भेसळ होते. ही दोन पथ्ये पाळणे हेच रचनाकाराचे खरे कसब.

मग आमचा रेडिओ मुका का? अँप्लिफायरला मोटारीच्या बॅटरीतून वीज लागते. आम्ही हट्टाने आणलेला स्वस्त रेडिओ ती केबलवाटे पुरवीत नव्हता. वेगळी जोडणी करावी, असे कारागिराने सुचविलेही होते. घाईत आम्हीच नको म्हटले.

जोडणी होताच धारवाड स्पष्ट बोलू लागले. आम्ही त्याचे पैसे चुकते केले आणि दुकानातील गिऱ्हाइकांदेखत क्षमा मागितली. नमुना हाती न घेताच माल खोटा ठरविणे व्यापाऱ्याला शोभत नाही.