प्रचक्र, मालमोटारीचे : जड व हलके

एंजिनाच्या भुजादंडाच्या, म्हणजेच क्रँकशाफ्टच्या, टोकास पक्के बसविलेले वजनदार चाक. कारखान्यांत व दुरुस्तीच्या दुकानांत ते फ्लायव्हील या नावानेच ओळखले जाते. शक्ती धावेत मिळणारी जादा ऊर्जा गतीच्या रूपाने साठविणे आणि इतर धावांत ती परत देऊन भुजादंडाचा वेग शक्य तितका एकसारखा राखणे, हे त्याचे मुख्य कार्य होय. मोटारगाडीत याच चाकाच्या कडेवर एंजिन सुरू करण्यासाठी लागणारे दंतवलय बसविलेले असते आणि त्याच्या सपाट पृष्ठावर क्लचाची तबकडी दाबली जाऊन गती पुढे जाते.

काठीने गती दिल्यावर कुंभाराचे जड चाक मडके आकारास येईपर्यंत फिरत राहते, ते याच तत्त्वामुळे. खडकी येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्ससारख्या कारखान्यांमुळे महाराष्ट्राच्या खेड्यांतही डीझेल एंजिन परिचयाचे झाले. विहिरीवरील मंदगती एकसिलिंडरी एंजिनाचे मोठे प्रचक्र हाताने फिरवून एंजिन सुरू करण्याचे दृश्य अनेकांनी पाहिलेले असते. मालमोटारीतील प्रचक्र मात्र आवरणात झाकलेले असल्याने त्याच्याविषयी गैरसमज पुष्कळ आढळतात. जड प्रचक्राने गाडीची ओढ वाढते, हा त्यांपैकी एक. हलके केल्यास गाडी सर्व वेगांत चपळ होते, हा दुसरा. प्रचक्र शक्ती निर्माण करीत नाही. ते ती फक्त क्षणापुरती सांभाळून ठेवते.

निरूढी परिबल : फिरण्यास किंवा थांबण्यास चाक जो विरोध करते त्याचे माप म्हणजे निरूढी परिबल. ते वस्तुमानावर आणि वस्तुमान मध्यापासून किती अंतरावर आहे त्याच्या वर्गावर अवलंबून असते. उदाहरणार्थ, १६ किग्रॅ. वस्तुमानाच्या व १५ सेंमी. त्रिज्येच्या सारख्या जाडीच्या चकतीचे निरूढी परिबल ०·१८ किग्रॅ. मी.२ येते. तिच्यातून मध्यापासून १२ सेंमी. अंतरावरचे २ किग्रॅ. बीड काढल्यास ते सु. १६ टक्क्यांनी घटते. तेवढेच बीड ५ सेंमी. अंतरावरून काढल्यास घट ३ टक्क्यांहूनही कमी असते. म्हणून केवळ वजन सांगून दोन प्रचक्रांची तुलना करता येत नाही.

सिलिंडरांची संख्या : चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत एकदाच जोर देतो. समान अंतराने ज्वलन होत असल्यास दोन सिलिंडरांच्या एंजिनात ३६०° नंतर, चार सिलिंडरांच्या एंजिनात १८०° नंतर व सहा सिलिंडरांच्या एंजिनात १२०° नंतर पुढचा जोर मिळतो. खंड जितका मोठा तितके अधिक निरूढी परिबल लागते. टाटा मोटर्सने २००५ मध्ये आणलेल्या ‘एस’ या छोट्या मालमोटारीत ७०२ घ. सेंमी.चे दोन सिलिंडरांचे डीझेल एंजिन होते. महिंद्रच्या ‘मॅक्सिमो’ गाडीचे २०१० मधील एंजिनही दोन सिलिंडरांचेच होते. अशा गाडीचे प्रचक्र हलके करणे चार सिलिंडरांच्या गाडीपेक्षा अधिक जोखमीचे असते. डीझेल एंजिनात संपीडन धावेस जोर जास्त लागत असल्याने ही अडचण वाढते. शिवाय साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे दर मिनिटास २,४०० फेरे असताना जे चाक पुरेसे असते तेच ८०० फेऱ्यांवर एक-नवमांश ऊर्जाच बाळगते. मंद वेगावर एंजिन थरथरणे किंवा क्लच सोडताना बंद पडणे, ही निरूढी परिबल अपुरे असल्याची लक्षणे असू शकतात.

गिअरचा परिणाम : गाडीचा वेग वाढविताना प्रचक्राचाही वेग वाढवावा लागतो आणि त्याचा भार गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. एकूण ५,००० किग्रॅ. वजनाच्या गाडीत, वरील चकती असून चाकाची त्रिज्या ३७ सेंमी. व पहिल्या गिअरमधील एकूण गुणोत्तर २५ असल्यास, प्रचक्र सु. ८२० किग्रॅ. जादा वजनासारखे वागते. वरच्या गिअरमध्ये गुणोत्तर ५ असताना हा आकडा फक्त ३३ किग्रॅ. असतो. म्हणजे निरूढी परिबल एक-तृतीयांशाने कमी केल्यास पहिल्या गिअरमध्ये सु. ५ टक्के लाभ होईल, पण मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये तो जाणवणारही नाही. हलक्या प्रचक्राचा खरा लाभ गिअर बदलताना दिसतो : एंजिनाचा वेग लवकर उतरतो व लवकर चढतो. उलट जड प्रचक्रामुळे भरलेली गाडी जागेवरून हलविणे सुकर होते.

घाटातील प्रश्न : तळेगाव दाभाडे हे मुंबई–पुणे मार्गावरील आणि चाकणकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो ते ठिकाण आहे. येथील औद्योगिक पट्ट्यातून न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या मालमोटारी बोरघाट उतरतात व परतताना सु. ५०० मी. चढतात. वरील चकतीत २,४०० फेऱ्यांवर सु. ५,७०० जूल ऊर्जा असते. ती सर्वच्या सर्व वापरली तरी ५,००० किग्रॅ. वजनाची गाडी जेमतेम १२ सेंमी. उचलली जाईल, संपूर्ण घाट चढण्यास याच्या चार हजार पटींहून अधिक ऊर्जा लागते. घाट चढते ते एंजिनाची शक्ती व योग्य गिअर यांमुळे. प्रचक्राचे साहाय्य चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलविण्याच्या क्षणापुरते असते. तळेगाव–चाकण रस्त्यावरील कोंडीत मात्र असे क्षण वारंवार येतात. तेथे दर वेळी क्लच घसरल्याने निर्माण होणारी उष्णता प्रचक्रातील धातू शोषून घेतो. पातळ केलेले प्रचक्र लवकर तापते, त्याच्या पृष्ठावर बारीक भेगा पडतात आणि क्लचाची तबकडी जळते.

उतारावर धोका वेगळा असतो. फार खालचा गिअर टाकल्यास चाकेच एंजिनाला फिरवितात व इंधन रोखणारा वेगनियामक तेथे निरुपयोगी ठरतो. फिरत्या कडेवरील ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. भेग पडलेले किंवा बेताल छिद्रे पाडलेले बिडाचे प्रचक्र अशा वेळी फुटू शकते व त्याचे तुकडे आवरण भेदून चालकापर्यंत पोहोचू शकतात. समतोल बिघडल्यास होणारी हानी हळू पण निश्चित असते : मध्यापासून १२ सेंमी. अंतरावर १० ग्रॅ.चा फरक असल्यास ३,००० फेऱ्यांवर सु. १२ किग्रॅ. भाराइतकी प्रेरणा दर फेऱ्यास धारव्यांवर येते.

निवड : माल वाहणाऱ्या, वारंवार थांबणाऱ्या व घाटात चालणाऱ्या गाडीस निर्मात्याने ठरविलेले प्रचक्रच योग्य होय. क्लचाचे पृष्ठ साफ करण्यासाठी लेथवर द्यावयाचा काप निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच असावा व नंतर समतोल तपासावा. हलके प्रचक्र हवेच असल्यास जुने कापण्याऐवजी त्या एंजिनासाठी घडविलेले पोलादी प्रचक्र घ्यावे. तेही रिकाम्या किंवा हलक्या भाराने धावणाऱ्या, चार किंवा अधिक सिलिंडरांच्या गाडीपुरतेच.

कित्येक आधुनिक वाहनांत दोन भागांचे प्रचक्र वापरतात. त्यांच्यामधील स्प्रिंगा एंजिनाचे धक्के गिअरपेटीपर्यंत पोहोचू देत नाहीत. त्याचा एक भाग कापून ते हलके करता येत नाही. विजेच्या मोटारीत दट्ट्याच्या धावा नसल्याने प्रचक्र लागत नाही. २०२२ मध्ये सादर झालेल्या विजेवरील ‘एस’मध्ये म्हणूनच जड की हलके हा प्रश्न उद्‌भवत नाही, डीझेलवरील गाड्यांत तो कायम आहे.