सोबत येणारी मैत्रीण

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की बोलणे घरादाराकडे वळते. अशा वेळी एखादी शेजारच्या बाईला हळूच सांगते, ‘पाळी जाऊन चार वर्षं झाली, पण परवा पुन्हा डाग दिसला.’ ही गोष्ट तिने घरात सांगितलेली नसते, दवाखान्याच्या गर्दीतही तिचा धीर होत नाही. ऐकणारी ‘वयाप्रमाणे होतंच असं’ म्हणाली, तर मोलाचे महिने वाया जातात. ‘उद्याच दाखवू, मी येते सोबत’ म्हणाली, तर कदाचित जीव वाचतो.

हे दुसरे उत्तर देणाऱ्या, त्याच वस्तीतल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीला आरोग्यसखी म्हणता येईल. तिची गरज किती आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून (२०१९-२१) दिसते. देशातील ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण २ टक्केही नव्हते. स्तनांची तपासणी झालेल्या तर १ टक्क्याहूनही कमी.

वस्तीपातळीवर काम केल्यास काय साधते, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८पासून झोपडपट्ट्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. किमान दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का, हे त्या पाहत. १२ वर्षांनी या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीपुढील स्त्रियांत, हाताने केलेल्या स्तन तपासणीमुळे स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यूही सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

आरोग्यसखीने स्वतः तपासणी करावी, असे नाही. तिचे काम त्याआधीचे आणि नंतरचे. ती भाषण देत नाही, आधी ऐकते. ‘मिसरी सोड’ म्हणण्याऐवजी ‘दिवसातून कितीदा लावतेस? कोणती वेळ सुटेल?’ असे विचारते. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासण्याच्या नावाखाली ती तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते. चारदा लावणारी या आठवड्यात दोनदावर आली, तर पुढच्या बैठकीत त्याची विचारपूस होते. ध्येय मात्र ती पूर्ण सोडण्याचेच.

मधुमेह आणि रक्तदाबाचेही तसेच. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर रोज अर्धा तास भरभर चालायचे ठरते, आणि एकटीला संकोच वाटतो म्हणून चौघी मिळून निघतात. लोणचे-पापड कमी करायचे, दिवसाचे मीठ एका छोट्या चमच्याच्या आत ठेवायचे. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर डॉक्टरांकडे जायचे आणि बरे वाटले म्हणून गोळी बंद करायची नाही.

सखीच्या मर्यादाही स्पष्ट हव्यात. तिने निदान करू नये, औषध सुचवू नये, झाडपाल्यावर वेळ घालवू देऊ नये. एकीचे गुपित दुसरीला सांगितले, तर विश्वास संपतो आणि पुढची बाई तोंडच उघडत नाही. आणि तपासणीत दोष आढळलेली स्त्री पुढच्या उपचारांना पोहोचली नाही, तर त्या तपासणीचा उपयोग शून्य. म्हणून पुढच्या तारखेची आठवण, बसची सोय, घरच्यांची समजूत हेही तिचेच काम.

काही लक्षणांसाठी थांबूच नये. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, स्तनात गाठ, बोंड आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्त येणे, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम. लक्षण नसले तरी तिशीनंतर रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफत आहे. जवळच्या आशाताईंना विचारले, तर दिवस आणि ठिकाण कळते.

जाताना मात्र एकटीने जाऊ नये. शेजारच्या बाईलाही सोबत न्यावे. तिचीही तपासणी बहुधा राहिलेलीच असते.