कार्टूनमधलं लग्न आणि आपली भीती

शीळफाट्याच्या कोंडीत शाळेची बस अडकली की खिडकीशी टाळी वाजवत तृतीयपंथी येतात. मुलं बघतात, घरी येऊन विचारतात. तरीही कल्याण-शीळ रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतो, की कार्टूनमध्ये समलिंगी पात्रं दाखवून मुलांवर ‘हे असलं’ लादलं जातंय.

पहिला गैरसमज : मुलांच्या कार्यक्रमात समलिंगी पात्र म्हणजे अश्लील दृश्य. प्रत्यक्षात काय दाखवतात ते बघा. ‘आर्थर’ या अमेरिकी मालिकेच्या मे 2019 मधल्या एका भागात रॅटबर्न सरांचं लग्न असतं. एक खमकी बाईच सरांची होणारी बायको, असं समजून मुलं हादरतात. ती निघते सरांची बहीण. सर मांडवात येतात पॅट्रिक नावाच्या चॉकलेट बनवणाऱ्याबरोबर. दोघांचं लग्न लागतं, पाहुणे नाचतात. मुलांना खटकतं ते एवढंच, की सर नाचतात! अलाबामाच्या सार्वजनिक वाहिनीने हा भाग दाखवायचं नाकारलं.

‘हे आत्ताचं खूळ आहे’ असंही म्हणतात. जपानी ‘सेलर मून’ ही कार्टून मालिका नव्वदच्या दशकातली. तिच्यातल्या युरेनस आणि नेपच्यून या दोघी एकमेकींच्या जोडीदार. इंग्रजी डबिंग करताना त्यांना चुलतबहिणी करून टाकलं.

आपल्याकडे ‘चला हवा येऊ द्या’मध्ये डोंबिवलीकर भाऊ कदम साडी नेसून आले की आजीपासून नातवापर्यंत सगळे खळखळून हसले. ते हसू निर्मळ होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हसायला चालणारा माणूस आई, शिक्षक, शेजारी म्हणून समोर आला की आपल्याला मुलांची काळजी का वाटावी? 2017 मधल्या विक्सच्या जाहिरातीत एक मुलगी आपल्या आईबद्दल सांगते आणि ती आई म्हणजे तृतीयपंथी गौरी सावंत, हे आपल्याला मागाहून कळतं. ती जाहिरात समजायला मुलांना काहीच जड जात नाही.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज : बघून मुलं तशी होतात. आज चाळिशीतले समलिंगी स्त्री-पुरुष लहानपणी ‘रामायण’, ‘महाभारत’ आणि नवरा-बायकोच्या मालिका बघत वाढले. समलिंगी जोडपं त्यांना टीव्हीवर क्वचितच दिसलं असेल. टीव्ही बघून कल ठरत असता तर ते समलिंगी झालेच नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये हा आजार नसल्याचं जाहीर केलं. वर्गात ‘बायल्या’ म्हणून चिडवला जाणारा मुलगा मात्र टीव्ही नसला तरी असतोच, आणि त्याला आपल्यासारखं कुणी दिसणं फार गरजेचं आहे.

राहिला कायदा. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांनुसार मुलांच्या कार्यक्रमात अर्वाच्य भाषा आणि हिंसेची उघड दृश्यं नकोत. समलिंगी पात्रांना बंदी असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तरीही आक्षेप असेल तर वाहिन्यांच्या संघटनेने 2011 मध्ये नेमलेल्या तक्रार परिषदेकडे जाता येतं. तिथे वाहिनी, कार्यक्रम, तारीख आणि वेळ कळवावी लागते, म्हणजे तो भाग आधी स्वतः बघावा लागतो.